परक्या हातचा घास : फास्ट फूड उपाहारगृहांविषयीच्या नागर आख्यायिका

लोकसाहित्याचा विचार करताना मराठी अभ्यासकाची दृष्टी स्वाभाविकपणे ओवी, कहाणी, लोकगीत, विधिनाट्य यांच्याकडे वळते. चालू काळात, शहरात, सुशिक्षितांच्या तोंडी जन्मणारे कथन हाही लोकसाहित्याचाच विषय आहे, ही जाणीव त्या मानाने उशिरा आली. जान हॅरॉल्ड ब्रुनव्हँड यांच्या ‘द व्हॅनिशिंग हिचहायकर’ (१९८१) या ग्रंथाने अमेरिकेतील अशा कथनांना, म्हणजे ‘नागर आख्यायिकां’ना, मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. या आख्यायिकांतील एक समृद्ध गट फास्ट फूड उपाहारगृहांविषयीचा आहे. वृत्तपत्रे आणि संबंधित कंपन्या त्यांना ‘खरे की खोटे’ हा एकच प्रश्न विचारतात. तो प्रश्न अनावश्यक नाही. परंतु तेवढ्याने ही कथने का टिकतात, याचा उलगडा होत नाही.

प्रथम अफवा आणि आख्यायिका यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. ‘अमुक ठिकाणच्या मांसात गांडुळे दळून घालतात’ ही अफवा होय; ते केवळ विधान आहे. त्या विधानाला पात्रे, प्रसंग आणि शेवट लाभला की त्याची आख्यायिका होते. प्रत्यक्ष व्यवहारात ही सीमारेषा सतत पुसली जाते. आख्यायिकेचा साक्षीदार नेहमी एका हाताच्या अंतरावर असतो. सांगणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नसते. त्याच्या ‘मित्राच्या मित्राने’ पाहिलेले असते. आपल्याकडे ही जागा मावसबहिणीची शेजारीण घेते, एवढाच फरक.

या गटातील सर्वांत प्रसिद्ध कथा तळलेल्या उंदराची. तिचा एक पाठ असा : एका गृहिणीला संध्याकाळचा स्वयंपाक करायला सवड झालेली नसते. ती दुकानातून तळलेल्या कोंबडीचा डबा आणते, टेबल नीट मांडते आणि बाहेरून आणलेले जेवण लक्षात येऊ नये म्हणून दिवे मालवून मेणबत्त्या लावते. नवरा येतो, जेवण सुरू होते. चव काहीशी वेगळी लागते. दिवा लावून पाहतात, तो पिठात घोळून तळलेला उंदीर! अन्य पाठांत हा प्रसंग मोटारीत किंवा मोटारीत बसून पाहायच्या चित्रपटगृहात घडतो. खाणारी व्यक्ती आजारी पडते, क्वचित मरतेही. पाठभेद कितीही असले तरी अंधार बहुधा कायम राहतो. कथानकाच्या सोयीसाठी तो आवश्यकच आहे, कारण उजेडात उंदीर कोण खाईल? पण त्याला दुसराही अर्थ आहे. आपण काय खातो हे खाणाऱ्याला दिसत नाही, ही आधुनिक ग्राहकाची स्थितीच त्या अंधारात मूर्त झाली आहे.

गॅरी ॲलन फाइन यांनी १९८० साली या कथेवर लिहिलेला लेख आजही महत्त्वाचा मानला जातो. अन्न शिजविण्याचे काम कुटुंब आणि ओळखीच्या समाजाकडून निनावी व्यापारी संस्थांकडे गेले. या स्थित्यंतराविषयीची अस्वस्थता कथेत प्रकट होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चूल सोडणाऱ्या स्त्रीला मिळणारी शिक्षा हाही त्या अस्वस्थतेचाच भाग. मराठी वाचकाला येथे व्रतकथांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नेम, नेमाचा भंग, त्यातून ओढवलेले अरिष्ट हा क्रम आपल्या कहाण्यांना नवा नाही. परंतु कहाणीत पुढे पश्चात्ताप येतो, चुकलेले व्रत पुन्हा घेतले जाते, गेलेले वैभव परत मिळते. नागर आख्यायिका अरिष्टापाशीच थांबते. तिच्यात दोष आहे, उःशाप नाही. शिवाय घरी रांधले गेले नाही याचा ठपका एकट्या बाईवर येतो. नवऱ्याने का रांधले नाही, हा प्रश्न कथेला पडतच नाही.

या कथा निराधार असतात असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. शीतपेयाच्या बाटलीत उंदीर सापडल्याच्या कथेचा मागोवा घेताना फाइन यांना अमेरिकेतील न्यायालयांचे अनेक निवाडे आढळले. त्यांतील एक मिसिसिपी राज्यातील, १९१४ सालचा आहे. म्हणजे घटना घडल्या होत्या, आणि एकाहून अधिक ठिकाणी घडल्या होत्या. आख्यायिकेचे एकच उगमस्थान शोधण्याचा हट्ट त्यामुळे सोडावा लागतो. घटना कोणत्याही लहानमोठ्या धंद्यात घडो, कथा मात्र कालांतराने त्या क्षेत्रातील सर्वांत बलाढ्य नावाला जाऊन चिकटते. फाइन यांनी बायबलमधील महाकाय गोलिआथवरून या प्रवृत्तीला नाव दिले आहे. कर्तृत्वाच्या सुट्या गोष्टी एखाद्या थोर पुरुषाच्या नावाभोवती गोळा होतात, हे आपण संतचरित्रांत पाहतोच. येथे गोळा होतो तो कलंक.

१९७८ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरलेली गांडुळांची अफवा हे याचे ठळक उदाहरण. ती प्रथम वेंडीजविषयी बोलली जात होती. पुढे ती मॅकडोनाल्ड्सच्या नावावर स्थिरावली. कंपनीने अटलांटा येथे पत्रकार परिषद घेऊन तिचा इन्कार केला. संस्थेचे प्रमुख रे क्रॉक यांनी तर हिशेबच मांडला : गांडुळे गोमांसापेक्षा कितीतरी महाग पडतात! युक्तिवाद बिनतोड होता, तरी तो फारसा उपयोगी पडला नाही. त्याचे कारण टायबाउट, कॅल्डर व स्टर्नथल यांच्या १९८१ च्या प्रयोगातून सुचते. अफवा ऐकलेल्या व्यक्तींना तिचे खंडन ऐकवले, तरी त्या उपाहारगृहाविषयीचे त्यांचे प्रतिकूल मत सुधारले नाही. ‘येथे गांडुळे नाहीत’ या वाक्यातही गांडुळे आहेतच. मात्र एका फ्रेंच उपाहारगृहात गांडुळांचे चविष्ट सॉस मिळते असे कानावर घातले, तेव्हा अफवेचा परिणाम ओसरला. विधान खोडून निघाले नाही. प्रतिमेचा संदर्भ बदलला, म्हणून ते निष्प्रभ झाले. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये.

तथापि सर्वच अफवा स्वच्छतेच्या भीतीतून जन्मत नाहीत. चर्चेस या तळलेल्या कोंबडीच्या दुकानांविषयी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये अशी वदंता होती की, त्यांची मालकी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेकडे असून कृष्णवर्णीय पुरुषांना नपुंसक करणारे द्रव्य त्या अन्नात मिसळले जाते. ती खरी नव्हती. पॅट्रिशिया टर्नर यांनी ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ (१९९३) या ग्रंथात तिचे जे विवेचन केले आहे, ते या विषयावरील लेखनात सर्वाधिक अंतर्मुख करणारे ठरावे. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश केवळ निरीक्षणासाठी उपचारांविना ठेवला गेला, आणि तोही सरकारी आरोग्यखात्याकडून. ज्या समाजाने हे भोगले, त्याने कोंबडीच्या तुकड्याविषयी शंका घेतली तर तिला भोळेपणा म्हणून उडवून लावता येत नाही. तपशील खोटा असूनही कथेच्या तळाशी असलेली आठवण खरी असू शकते.

याची उलट बाजूही आहे. कथा घटनेतून जन्मते, तशी घटनाही कथेतून जन्मते. लिंडा देग व अँड्र्यू वाझोन्यी यांनी १९८३ साली आख्यायिका ‘कृतीतून सांगण्या’च्या या प्रकाराकडे लक्ष वेधले. २००५ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे एका स्त्रीने वेंडीजच्या चिलीत मानवी बोट सापडल्याची तक्रार केली. बोट खरे होते. पण ते तिच्या नवऱ्याच्या परिचयातील एका कामगाराचे, कामावरील अपघातात तुटलेले होते. तिला व तिच्या नवऱ्याला कारावास झाला. तोवर ग्राहक पांगले होते, कारण ही कथा त्यांनी आधीच, निरनिराळ्या रूपांत ऐकलेली होती.

भारतात या उपाहारगृहांचे आगमन १९९५-९६ मध्ये झाले. मॅकडोनाल्ड्सने येथे गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य ठेवले होते. मे २००१ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे एक दावा दाखल झाला. कंपनी १९९० पासून वनस्पती तेलाची जाहिरात करीत असली, तरी तेथील बटाट्याच्या तळलेल्या कापांत गोमांसाचा अर्क असतो, अशी तक्रार होती. ती खरी निघाली. कंपनीने माफी मागितली आणि २००२ मध्ये एक कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. भारतातील कापांत असा अर्क नसल्याचे कंपनीने तत्काळ जाहीर केले होते. तरीही त्याच मे महिन्यात ठाण्यातील उपाहारगृहाची मोडतोड झाली. निषिद्ध चरबी नकळत तोंडात जाण्याची ही भीती मराठी गद्याला पूर्वीच परिचित आहे. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये काडतुसांची हकीकत येते, पिठात हाडांचा चुरा मिसळल्याची वदंताही १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात फिरत होती. तेथे काडतूस दाताने तोडायचे होते, येथे काप चवीने खायचा होता. देणारा हात दोन्हीकडे परका, आणि त्या हाताने आत काय घातले हे जाणण्याचे साधन घेणाऱ्यापाशी नव्हते. ठाण्यातील जमावाला जे सांगितले गेले ते तेथील कापांपुरते खोटे आणि अमेरिकेतील कापांपुरते खरे होते. खंडनाचे पत्रक त्यांतील पहिल्या अर्ध्यालाच उत्तर देऊ शकत होते.