टोल कधी संपेल, ते गाड्यांनाच ठरवू द्या!

सरकारला मोठा रस्ता हवा आहे आणि तिजोरीत पैसे नाहीत. खासगी कंपनी म्हणते, आम्ही बांधतो, टोलमधून वसूल करू. उत्तम! पण किती वर्षं? हे ठरवायचं तर पुढच्या वीस वर्षांत त्या रस्त्यावरून किती गाड्या धावतील, ते आज कळायला हवं. कुणाला कळतं ते?

मेक्सिकोने काय केलं बघा. 1989 ते 1994 या काळात तिथे पाच हजार किलोमीटरहून अधिक टोलरस्ते खासगी कंपन्यांना दिले गेले. सर्वांत कमी वर्षांत रस्ता सरकारला परत करेल, त्या कंपनीला काम. ऐकायला किती छान! पण थोड्या वर्षांत पैसे काढायचे म्हणजे टोल भरमसाट, आणि टोल भरमसाट म्हटल्यावर ट्रकवाले जुन्या फुकटच्या रस्त्याने. नवेकोरे रस्ते ओस पडले. त्यात 1994च्या डिसेंबरात तिथलं चलन, पेसो, कोसळलं. शेवटी 1997 मध्ये सरकारने 52 पैकी 23 प्रकल्प परत घेतले आणि अब्जावधी डॉलरची कर्जं जनतेच्या माथी आली. लिलावातल्या एका निरागस अटीपायी एवढं रामायण!

आता चिलीकडे या. एदुआर्दो एंगेल, रोनाल्ड फिशर आणि अलेक्झांडर गालेतोविच या तीन अर्थतज्ज्ञांनी प्रश्नच उलटा केला. कंपनीला वर्षं विचारूच नका. एवढंच विचारा: एकूण किती रुपये हातात पडले की तुम्ही रस्ता सोडाल? टोलचा दर सरकार ठरवणार. सर्वांत कमी रक्कम सांगेल तिला रस्ता. आणि मुदत? मुदत लिहायचीच नाही! ठरलेली रक्कम जमली की करार संपला.

वाण्याकडची उधारीची वही आठवा. खातं अमुक महिन्यात बंद होईल असं तिच्यात कुठे लिहिलेलं असतं? बाकी फिटली की खातं मिटलं. आणि उशिरा आलेला रुपया लवकर आलेल्या रुपयाच्या तोलाचा नसतो, म्हणून रस्त्याच्या या खात्यात उरलेल्या बाकीवर बाजारातल्या व्याजदराला धरून व्याजही चढतं.

यातली गंमत लक्षात येते का? गाड्या कमी आल्या तर टोल जास्त वर्षं चालेल, खूप आल्या तर लवकर संपेल. कंपनीच्या पदरात पडणारी रक्कम जवळपास तीच. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, त्याचं उत्तर असण्याची गरजच संपली! आणखी एक. मध्येच सरकारला रस्ता परत हवा असेल तर? मुदतबंद करारात किंमत ठरवायला वकिलांची फौज लागते. इथे वही उघडायची, बाकी बघायची.

1998 मध्ये चिलीने सॅन्टियागो ते व्हॅलपरायसो बंदराच्या रस्त्याचा लिलाव असा केला. जिंकणारी बोली सुमारे 37 कोटी डॉलरची होती. कंपन्यांना मात्र ही पद्धत फारशी रुचली नाही. साहजिक आहे, घबाड लागण्याची आशाच गेली! आणि एक खरी उणीवही आहे. ग्राहक ओढायची कंपनीला घाई उरत नाही, त्यामुळे रस्त्याच्या दर्जावर वेगळी नजर ठेवावी लागते.

लवचीक मुदत आपल्याकडेही आली, पण कशी! 2001 मध्ये सुरू झालेल्या दिल्ली-नोएडा उड्डाणमार्गाच्या करारात कंपनीला प्रकल्पखर्चावर वर्षाला 20 टक्के परतावा कबूल केला होता. तेवढा मिळाला नाही तर तूट खर्चातच मिळवायची! वर्षाला 20 टक्क्यांनी चढणारी बाकी चार वर्षांच्या आत दुप्पट होते. पूल तोच, त्यात वीट वाढली नाही, तरी कागदावर तो महाग होत गेला. शिवाय हे काम स्पर्धेशिवाय दिलेलं. 2016 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल थांबवला, 2024च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. चिलीतही बाकीवर व्याज चढतं, पण मूळ आकडा चुरशीच्या लिलावातून येतो. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तिसराच प्रकार. 2004 मध्ये 918 कोटी रुपये एकरकमी घेऊन 15 वर्षांचे वसुलीहक्क विकले गेले. मुदत पक्की, गाड्या वाढल्या तर लाभ कंपनीचा, घटल्या तर तोटाही तिचाच. ती मुदत 2019 मध्ये संपली, टोल संपला नाही. 2020 मध्ये पुन्हा करार झाला, 8,262 कोटींचा, 2030 पर्यंतचा.

तेव्हा पुढच्या वेळी टोलनाक्यावर रांगेत असाल, तर ‘अजून किती वर्षं?’ एवढंच विचारून थांबू नका. किती वसूल व्हायचं ठरलं होतं आणि आजवर किती झालं, हे दोन आकडे मागा. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठीच आहे.