मर्यादित अंदाजपत्रकात माउंटन बाइकची निवड

सायकल ही वस्तू भारतीय कुटुंबाला नवी नाही. शाळेत जाणारी मुले, कारखान्याच्या पाळीवर निघालेला कामगार, दूधवाला, पोस्टमन या सर्वांना तिने पिढ्यान्‌पिढ्या साथ दिली आहे. तिची खरेदीही सोपी असे. परिचित दुकानात जावे, रंग पसंत करावा, कॅरिअर आणि स्टँड बसवून घ्यावा, की काम झाले. आज मात्र सायकलच्या दुकानात पाऊल टाकताच जाड टायर, पुढे-मागे शॉकर, डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर अशा वैशिष्ट्यांची यादी आपल्यापुढे ठेवली जाते. ‘माउंटन बाइक’ या एकाच नावाखाली काही हजारांपासून काही लाखांपर्यंतच्या सायकली उभ्या असतात. ज्याच्या खिशात ठरावीक रक्कम आहे, अशा ग्राहकाने यांतून निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुरुवातीलाच सूत्र सांगायचे, तर रक्कम ठरलेली असताना तिचा मोठा वाटा सायकलस्वाराचा भार आणि सुरक्षितता ज्या भागांवर अवलंबून असते, त्या भागांवर खर्च व्हावा. दुकानात उठून दिसणारे भाग आणि हे भाग पुष्कळदा वेगळे असतात.

या सायकलीचा जन्म

माउंटन बाइकचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यातील माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात झाला. १९७० च्या दशकात तेथील काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरवाटांनी खाली येत असत. ‘रीपॅक’ या नावाने प्रसिद्ध झालेली त्यांची पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. तीन-साडेतीन किलोमीटरच्या अंतरात हा रस्ता सुमारे ४०० मीटर खाली उतरतो. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे, की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीपूर्वी हबमध्ये नवे ग्रीस भरावे लागे. ‘रीपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले.

या मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्यासाठी कंपनी काढली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीला स्थान मिळाले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की सुरुवातीच्या या सायकलींना शॉकर नव्हते. मजबूत फ्रेम, जाड टायर, भरवशाचे ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर ही त्यांची मूळ ओळख होती. मर्यादित खर्चात सायकल घेणाऱ्यासाठी हाच क्रम आजही उपयुक्त ठरतो.

आधी उपयोग, मग सायकल

आपण सायकल कोठे चालवणार, याचे प्रामाणिक उत्तर प्रथम स्वतःला द्यावे. बहुसंख्य ग्राहकांचा वापर तीन प्रकारांत मोडतो. पहिला प्रकार शहरातील खड्ड्यांच्या रस्त्यांचा. दुसरा घाटरस्त्यांवरील लांबच्या प्रवासाचा. पुण्याहून सिंहगड, निलगिरीतील रस्ते किंवा मनालीहून लेहपर्यंतचा मार्ग ही याची उदाहरणे होत. तिसरा प्रकार दगड, मुळे आणि चिखल यांतून जाणाऱ्या खऱ्या पायवाटांचा.

पहिल्या दोन प्रकारांसाठी शॉकर अनिवार्य नाही. दोन ते सव्वादोन इंच रुंदीच्या टायरमधील हवाच बहुतेक धक्के शोषून घेते. तिसऱ्या प्रकारासाठी मात्र चांगला पुढचा शॉकर आणि उत्तम ब्रेक लागतात. काही स्वस्त सायकली केवळ माउंटन बाइकसारख्या दिसतात. त्यांच्या माहितीपुस्तिकेत खडबडीत वाटेवर वापरू नये, अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली असू शकते. पैसे देण्यापूर्वी ती पुस्तिका मागून वाचावी.

रकमेची विभागणी

पुष्कळ ग्राहक संपूर्ण रक्कम सायकलीवरच खर्च करतात आणि हेल्मेट ‘पुढच्या महिन्यात’ घेण्याचे ठरवतात. हे योग्य नव्हे. उदाहरणादाखल ३०,००० रुपयांचे अंदाजपत्रक घेऊ. त्याची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल :

सायकल – २५,००० रुपये
हेल्मेट – २,००० रुपये
कुलूप आणि पुढचा-मागचा दिवा – १,२०० रुपये
पंप, सुटी ट्यूब व पंक्चरचे साहित्य – ८०० रुपये
पहिल्या वर्षाची देखभाल – १,००० रुपये

रक्कम कमी-अधिक असली, तरी साधारण एक षष्ठांश भाग बाजूला ठेवण्याचे तत्त्व कायम राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल व तिच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणून पक्की पावती घेण्यात ग्राहकाचे नुकसान नाही, लाभच आहे. दुकानदाराने सुलभ हप्त्यांचा पर्याय पुढे केला, तर मासिक हप्त्याकडे न पाहता एकूण देय रकमेकडे पाहावे. ठरलेली मर्यादा हप्त्यांच्या आडून ओलांडली जाणे ही नेहमीची गोष्ट आहे.

शॉकरचा मोह

पुढे आणि मागे शॉकर असलेली सायकल दुकानात सर्वाधिक लक्ष वेधून घेते. मागच्या शॉकरसाठी फ्रेमचे दोन भाग करावे लागतात, ते बिजागरीने जोडावे लागतात आणि त्यांत स्प्रिंग बसवावी लागते. हे सारे थोड्या किमतीत बसवायचे, तर निर्मात्याला काटछाट ब्रेक, हब आणि गिअर यांतच करावी लागते. शिवाय अशी सायकल जड होते आणि चढावर पायडल मारताना तिची स्प्रिंग खाली-वर होऊन सायकलस्वाराची शक्ती वाया जाते. म्हणून अल्प खर्चात मागचा शॉकर टाळावा, हे उत्तम.

पुढच्या शॉकरची परीक्षा दुकानात सहज करता येते. पुढचा ब्रेक दाबून धरावा, हँडलवर भार देऊन शॉकर दाबावा आणि सोडावा. तो ताडकन उसळून वर आला, तर आत केवळ स्प्रिंग आहे. सावकाश वर आला, तर स्प्रिंगची उसळी आवरणारी यंत्रणाही आत आहे, असे समजावे. दगडांच्या वाटेवर उसळणारा शॉकर चाकाची जमिनीवरील पकड सोडवतो. अंदाजपत्रकात चांगला शॉकर बसत नसेल, तर साध्या, ताठ फोर्कची सायकल घेण्यात कमीपणा नाही.

ब्रेक : तडजोड नको

७५ किलोचा सायकलस्वार आणि १५ किलोची सायकल ४०० मीटरचा उतार उतरतात, तेव्हा सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. एक लिटर पाणी उकळीला आणण्यास एवढी ऊर्जा पुरते. तिचा काही भाग वारा आणि टायर घेतात, उरलेला ब्रेकला पचवावा लागतो. रीपॅकच्या शर्यतीत ग्रीस का जळत असे, ते यावरून कळते. ब्रेकवर वाचवलेल्या हजार रुपयांची खरी किंमतही घाटातल्या वळणावरच कळते.

रिमवर दाबला जाणारा ‘व्ही’ ब्रेक, तारेने चालणारा डिस्क ब्रेक आणि तेलाच्या दाबाने चालणारा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असे तीन मुख्य प्रकार आहेत. पाऊस आणि चिखल यांत डिस्क ब्रेक सरस ठरतो, कारण डिस्क रस्त्यावरील पाण्यापासून उंच असते. तथापि, केवळ डिस्क दिसते म्हणून ब्रेक चांगला असे नाही. हलक्या दर्जाच्या डिस्क ब्रेकपेक्षा अॅल्युमिनियमच्या रिमवरील चांगला ‘व्ही’ ब्रेक अधिक भरवशाचा असतो. लोखंडी रिम मात्र घ्यायची नाही, कारण भिजल्यावर तिच्यावरची ब्रेकची पकड फारच कमी होते. हायड्रॉलिक ब्रेक कमी जोरात अधिक काम करतो. परंतु दूरच्या खेड्यात त्याची दुरुस्ती होईलच असे नाही. तारेचा ब्रेक तेथेही दुरुस्त होऊ शकतो. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी याचा विचार करावा.

गिअर : संख्येचा भ्रम

एकवीस गिअर हे सोळांपेक्षा अधिक, म्हणून चांगले, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्ष हिशेब वेगळा आहे. गिअरचा हलकेपणा पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते या गुणोत्तराने मोजतात. एकवीस गिअरच्या एका नेहमीच्या रचनेत पुढचे सर्वांत लहान चक्र २४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे २८ दात्यांचे असते. गुणोत्तर ०.८६. सोळा गिअरच्या एका रचनेत हेच आकडे २२ आणि ३४ असतात. गुणोत्तर ०.६५. साडेसत्तावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.१५ मीटर धरला, तर पायडलाच्या एका फेऱ्यात पहिली सायकल सुमारे १.८४ मीटर पुढे जाते, दुसरी सुमारे १.४० मीटर. अर्थात, तीव्र चढावर गिअरची संख्या कमी असलेली दुसरी सायकलच पायांना हलकी लागते. म्हणून दुकानात गिअरची संख्या विचारून थांबू नये, दाते मोजावेत. लहानात लहान गुणोत्तर जितके कमी, तितका चढ सुकर.

दुसरी बाब अशी, की जाहिरातीत मागच्या डिरेलरचे, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचे नाव ठळक छापलेले असते. तो भाग उंची बसवून हब, क्रँक आणि साखळी हलक्या दर्जाची देण्याची पद्धत रूढ आहे. सर्व भागांची यादी मागावी.

चाके आणि हब

मागच्या चाकाविषयी दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘यात फ्रीव्हील आहे की कॅसेट?’ जुन्या पद्धतीच्या, आट्यांवर फिरवून बसवलेल्या फ्रीव्हीलमध्ये उजव्या बाजूचे बेअरिंग चाकाच्या मध्याकडे सरकलेले असते. त्यामुळे आसाचा बराच भाग आधाराविना राहतो आणि खड्ड्यांत तो वाकण्याची शक्यता वाढते. कॅसेटच्या हबमध्ये हे बेअरिंग बाहेरच्या बाजूस असते व आस अधिक टिकतो. वजनदार सायकलस्वाराने या बाबीकडे विशेष लक्ष द्यावे.

२६, साडेसत्तावीस आणि २९ इंच अशी चाकांची तीन मापे प्रचलित आहेत. मोठे चाक खड्ड्यांवरून सहज जाते, लहान चाक चपळ असते आणि कमी उंचीच्या व्यक्तीला सोयीचे पडते. आपल्या गावात ज्या मापाचे टायर-ट्यूब सहज मिळतात, त्यालाही महत्त्व द्यावे.

मापाची फ्रेम

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची आपली रीत आहे. ती सायकलीला लावू नये. मोठ्या फ्रेमवर ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे पोहोचत नाहीत आणि अचानक उतरावे लागल्यास इजा होते. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर फ्रेमचा वरचा दांडा आणि आपले शरीर यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर असावे. निर्मात्यागणिक मापे बदलतात. म्हणून ज्याची सायकल, त्याने स्वतः बसून पाहावे.

जुनी सायकल घेताना

मर्यादित रकमेत चांगली वापरलेली सायकल हा उत्तम पर्याय ठरू शकतो. साखळीची झीज साध्या पट्टीने मोजता येते. कोणत्याही एका खिळ्यापासून पुढचा चोविसावा खिळा नव्या साखळीत बरोबर १२ इंचांवर येतो. तो सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेला असेल, तर साखळी बदलावी लागेल. तीन मिलिमीटर गेला असेल, तर चक्रेही बदलण्याची वेळ आली आहे, असे समजून किंमत ठरवावी. हँडलखालच्या व सीटखालच्या जोडांवर तडे नाहीत, हे उजेडात पाहावे. तडा गेलेली अॅल्युमिनियमची फ्रेम कोणत्याही किमतीला घेऊ नये. मूळ पावती मागावी आणि फ्रेमवरील क्रमांक तिच्याशी ताडून पाहावा.

ताब्यात घेताना

नवी सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेल्या अवस्थेत दुकानात येते. म्हणून जोडणी कोण करतो, हेही महत्त्वाचे. चाके फिरवून ती डगमगत नाहीत ना, ब्रेक दाबल्यावर दांडा हँडलला टेकत नाही ना, हँडल घट्ट आहे ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. पहिल्या काही आठवड्यांत तारा सैल होतात आणि स्पोक आपापल्या जागी बसतात. त्यामुळे पहिली देखभाल चुकवू नये.

तात्पर्य, खर्चाचा क्रम असा लावावा : आधी मापाची फ्रेम, मग ब्रेक, त्यानंतर चाके व हब, मग चढाला पुरेसे हलके गिअर आणि रक्कम उरली तरच शॉकर. एवढ्यानेही रक्कम अपुरी पडली, तर दोन-तीन महिने आणखी बचत करावी किंवा अधिक साधी सायकल घ्यावी. घरातील मुलगा किंवा मुलगी या सायकलीवरून घाट उतरणार असेल, तर ब्रेकमध्ये काटकसर करून वरच्या झगमगाटाला पैसे देण्याचा विचार मनात आणू नये.