शिवीचा गुन्हा कसा होतो

एका पुढाऱ्याने दुसऱ्याला जाहीरपणे अपशब्द वापरला, तर थेट अटक होते का? बहुतेक वेळा नाही. कुणी मुद्दाम अपमान करून चिथावलं, तर भारतीय दंड संहितेचं 504 वं कलम लागायचं (आता न्याय संहितेत 352). तो अदखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना थेट अटक करता येत नाही. ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतात, कागद हातात देतात आणि पुढचं कोर्टात बघा म्हणतात. तुमच्याआमच्या भांडणात प्रकरण इथेच थांबतं.

पुढाऱ्यांचं थांबत नाही. त्याचं कारण 23 ऑगस्ट 2021 च्या महाडमध्ये नीट दिसतं. भाजपच्या जनआशीर्वाद यात्रेत केंद्रीय मंत्री नारायण राणे पत्रकारांशी बोलत होते. स्वातंत्र्याला किती वर्षं झाली हे मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंना 15 ऑगस्टच्या भाषणात मागे वळून विचारावं लागलं, हा राणेंचा आक्षेप होता. तो मांडताना ते कानाखाली चढवण्याच्या भाषेवर आले. रात्रीतून नाशिक, पुणे, महाड अशा ठिकाणी तक्रारी झाल्या.

या तक्रारींत त्याच दंड संहितेचं कलम 505 होतं, आणि सगळी मेख तिथेच आहे. त्याचं दुसरं पोटकलम दखलपात्र आणि अजामीनपात्र होतं. पण ते लागायला दोन गटांत वैर पेटवणारं वक्तव्य लागायचं. एका माणसाचा अपमान पुरायचा नाही. म्हणून माणसाचा अपमान आधी पदाचा करावा लागतो, पदाचा राज्याचा आणि राज्याचा अस्मितेचा. ‘हा महाराष्ट्राचा अपमान आहे’ हे वाक्य त्यासाठी असतं. कार्यकर्ते त्यावर रस्त्यावर येतात, समोरचेही येतात. मग दोन गट खरोखरच तयार होतात! जुहूला राणेंच्या बंगल्याबाहेर दुसऱ्या दिवशी शिवसैनिक आणि भाजपचे कार्यकर्ते असेच भिडले.

त्याच दिवशी, 24 तारखेला, दुपारी संगमेश्वरजवळ गोळवलीत पोलीस आले, तेव्हा राणेंच्या हातात जेवणाचं ताट होतं. रात्री महाडच्या कोर्टाने 15 हजारांच्या जातमुचलक्यावर जामीन दिला. 2023 मध्ये अलिबागच्या कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं. हाच शब्द राज्यसभेत उच्चारला असता, तर घटनेच्या 105 व्या कलमामुळे खटलाच उभा राहिला नसता; सभापतींनी फार तर तो कामकाजातून काढून टाकला असता.

मला यात सलतं ते ठिकाण. याच महाड तालुक्यात महिन्यापूर्वी, 22 जुलैला, तळीये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली होती. महाड शहरात घराघरांत पाणी शिरलं होतं. पुनर्वसन कधी, नदीतला गाळ कोण काढणार, हे त्या दिवशी तिथे आलेल्या केंद्रीय मंत्र्याला आणि मुंबईतल्या मुख्यमंत्र्यालाही विचारायचे प्रश्न होते. दुसऱ्या दिवशी रात्री महाडच्या कोर्टाबाहेर गर्दी जमली, ती जामिनाचं काय झालं हे ऐकायला.