उंदराने दिलेला चकवा

१९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांमधला ‘ओसीआरएल’ हा जनुक निकामी केला. पिल्लांना मोतीबिंदू होईल, मूत्रपिंडं बिघडतील, अशी अपेक्षा होती. उंदीर ठणठणीत राहिले! या जनुकातून बनणाऱ्या एंझाइमचं काम त्यांच्यातल्या एका भावंड-एंझाइमने उचललं होतं.

माणसाच्या नशिबी ही सोय नाही. हा जनुक बिघडला की जन्मतःच मोतीबिंदू असतो, बौद्धिक वाढ खुंटते, लघवीतून प्रथिनं आणि फॉस्फेट वाहून जातात, पुढे हाडं मऊ पडतात. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. चार्ल्स लो आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला हा ‘लो सिंड्रोम’ सुमारे पाच लाखांत एकाला होतो.

ओसीआरएल एंझाइमचं काम ऐकायला क्षुल्लक आहे: पेशीपटलातल्या एका मेदरेणूवरचा एक फॉस्फेट उतरवायचा. पण बाहेरचा माल आत कधी घ्यायचा आणि कुठे धाडायचा, हे पेशी त्या फॉस्फेटवरून ठरवते. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. उरलेलं परत शोषताना नलिकेच्या पेशी प्रथिनं पकडणारे ‘मेगॅलिन’ रेणू पुन्हापुन्हा वापरतात. ओसीआरएल नसेल तर ते आतच अडकतात. रिकामे डबे परत आले नाहीत तर डबेवाला उद्या काय पोचवणार?

मेंदूतही हेच रसायन चालतं. चेतापेशीच्या टोकाशी ‘सिनॅप्टोजॅनिन-१’ हे नात्यातलं एंझाइम राबतं. २०१३ मध्ये इराणी आणि इटालियन कुटुंबांत त्याच्या जनुकातला दोष तरुण वयातल्या पार्किन्सनशी जोडला गेला.

उंदराने चकवल्यावर बेंगळुरूने दुसऱ्या वाटा धरल्या. शहरातली मनोविकार व चेताविज्ञानाची संस्था निम्हान्स आणि शहराच्या उत्तरेच्या जीवविज्ञान संस्था एनसीबीएस व इनस्टेम यांनी मनोविकार व स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या पेशींपासून मूलपेशी बनवण्याचा संयुक्त कार्यक्रम चालवला आहे. एनसीबीएसमधल्या रघु पडिंजाट यांच्या प्रयोगशाळेने तेच तंत्र लो सिंड्रोमसाठी वापरलं. जोडीला फळमाशी होतीच. तिच्याकडे बदली भावंड नाही, त्यामुळे दोष झाकला जात नाही.

एका भारतीय कुटुंबातल्या रुग्णांच्या मूलपेशींतून वाढवलेल्या चेतापेशी उशिरा परिपक्व होतात आणि आधारपेशी नको तितक्या वाढतात, असं दिसलं. त्या कुटुंबात जनुकदोष सर्व रुग्णांत तोच असला तरी आजाराची तीव्रता मात्र वेगवेगळी आहे.