तीव्रतावाचक विशेषणांचे अर्थभेद : इंग्रजी शब्दगट आणि मराठीतील 'तीव्र'

इंग्रजीतील 'इंटेन्स', 'सिव्हिअर' आणि 'अक्यूट' ही विशेषणे पर्यायकोशांत एकमेकांच्या शेजारी आढळतात. मराठीत येताना या तिहींच्या वाट्याला बहुधा 'तीव्र' हा एकच शब्द येतो. त्यामुळे ती एकाच मोजपट्टीवरील कमीअधिक खुणा आहेत असा समज होतो. वस्तुतः प्रत्येक विशेषण निराळ्या प्रश्नाचे उत्तर देते. 'इंटेन्स'च्या मुळाशी ताणणे ही लॅटिन क्रिया आहे. एखादा गुण किती एकवटला आहे, हे तो शब्द सांगतो. 'सिव्हिअर'चे मूळ कठोर, करडा या अर्थाच्या शब्दात आहे. सोसणाऱ्यावर किती कठोर परिणाम झाला, याकडे त्याचा रोख असतो. 'अक्यूट' म्हणजे मूलतः धार लावलेला. वैद्यकाच्या परिभाषेत तो अचानक उद्भवलेल्या, अल्पकालीन अवस्थेचा निर्देश करतो आणि दीर्घकालीन अवस्थेच्या विरोधात उभा राहतो. एकवट, कठोरपणा आणि काळ ही तीन परिमाणे एका शब्दात मिसळली की काय घडते, हे व्यवहारातील मराठीच्या आधारे तपासता येते.

जबलपूरच्या भूकंपाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर परिसराला भूकंपाचा धक्का बसला. त्याचे मापन सुमारे ५.८ ते ६.० इतके नोंदले गेले. भूकंपशास्त्रात या आकड्याला 'मॅग्निट्यूड' म्हणतात. उगमापाशी मुक्त झालेल्या ऊर्जेशी त्याचा संबंध असतो आणि एका भूकंपाला असा एकच आकडा असतो. 'इन्टेन्सिटी' ही संज्ञा याहून भिन्न आहे. विशिष्ट ठिकाणी हादरा कसा जाणवला, भिंतींना तडे गेले की घरे कोसळली, यावरून ती ठरते आणि बारा पायऱ्यांच्या श्रेणीत मांडली जाते. जबलपूरच्या भूकंपात सर्वाधिक बाधित क्षेत्रात ती आठव्या पायरीपर्यंत पोहोचली. नेपियर टाउनसारखी शहरी वस्ती आणि मोठी हानी सोसलेले कोसमघाट हे खेडे यांच्यासाठी भूकंपाचा आकडा एकच राहतो. तेथील जमीन, बांधकाम आणि अंतर यांनुसार बदलते ती दुसरी गोष्ट.

वृत्तपत्रीय मराठीत मात्र 'भूकंपाची तीव्रता ५.८ रिश्टर' असे लिहिण्याचा प्रघात आहे. हिंदी वृत्तपत्रांतही 'तीव्रता' याच अर्थाने येते. म्हणजे 'इन्टेन्सिटी'चा कोशगत प्रतिशब्द 'मॅग्निट्यूड'साठी खर्ची पडतो आणि स्थानिक परिणाम सांगण्यासाठी शब्द उरत नाही. याचा फटका समजुतीला बसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचे मापन ६.२ च्या आसपास होते. जबलपूरच्या तुलनेत आकड्यातील अंतर थोडे, परंतु किल्लारीत मृतांची संख्या हजारोंच्या घरात गेली. जबलपुरात ती सुमारे चाळीस होती. किल्लारीचा उगम उथळ होता, तर जबलपूरचा सुमारे ३५ किलोमीटर खोल. शिवाय किल्लारी परिसरातील जाड दगडमातीच्या भिंतींची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. आकड्यालाच 'तीव्रता' म्हटल्यास ही तफावत अनाकलनीय वाटते. आकड्यासाठी 'परिमाण' व स्थानिक परिणामासाठी 'तीव्रता' असा विभाग केला, तर ती सहज उलगडते.

'सिव्हिअर'च्या बाबतीत वेगळी अडचण दिसते. येथे एका इंग्रजी शब्दाला मराठीत क्षेत्रपरत्वे निरनिराळे शब्द मिळाले आहेत. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा ११२ तालुक्यांतील दुष्काळ 'गंभीर' आणि ३९ तालुक्यांतील 'मध्यम' ठरवला गेला. येथे 'सिव्हिअर'चे 'गंभीर' झाले. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' वादळाच्या बाबतीत मात्र त्याच विशेषणाचे 'तीव्र चक्रीवादळ' झाले. हवामानखात्याच्या वर्गीकरणात ही श्रेणी ताशी ८९ ते ११७ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसाठी राखीव आहे. म्हणजे तेथे मूळ इंग्रजी विशेषणही सोसणाऱ्याकडून वाऱ्याकडे सरकले आहे. रायगड-रत्नागिरीतील नारळ-सुपारीच्या बागांचे काय झाले, हे ती श्रेणी सांगत नाही. 'तीव्र' हा शब्द या तांत्रिक वापरास साजेसा आहे. दुष्काळाला 'गंभीर' म्हणणेही तितकेच उचित आहे. मराठीने केलेली ही विभागणी इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी ठरते.

'अक्यूट'च्या संदर्भात हा गुंता थेट मुलांच्या प्रकृतीशी निगडित होतो. कुपोषणाच्या जागतिक परिभाषेत 'सिव्हिअर अक्यूट' ही दोन विशेषणे एकत्र येतात. उंचीच्या मानाने वजन फार घटलेले किंवा दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असलेले सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल या गटात मोडते. 'अक्यूट' म्हणजे अलीकडे झालेली झीज; 'सिव्हिअर' म्हणजे त्या झिजेची पातळी. अंगणवाडीच्या मराठीत यासाठी 'तीव्र कुपोषित' किंवा 'अतितीव्र कुपोषित' हे शब्द रूढ आहेत. पहिल्यात 'तीव्र' पातळीचा वाचक होतो आणि काळाचा निर्देश नाहीसा होतो. काही ठिकाणी 'मध्यम तीव्र' अशी जोडीही आढळते. ती वाचणाऱ्याला मध्यम आणि तीव्र एकाच वेळी कसे, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. दीर्घकालीन कुपोषणामुळे उंची खुंटलेले मूल आणि अल्पावधीत झिजलेले मूल यांच्यासाठी उपाययोजना वेगळी असते. दुसऱ्याच्या जिवाला तातडीचा धोका असतो. मेळघाटातील नोंदवहीत हा भेद पुसला जाणे ही केवळ भाषिक उणीव राहत नाही.

याचा अर्थ मराठी या अर्थक्षेत्रात दरिद्री आहे असा नव्हे. बोलीतील मराठीत जोर दाखवणारी विशेषणे नामाशी घट्ट बांधलेली असतात : थंडी कडाक्याची, वारा सोसाट्याचा, पाऊस मुसळधार, ऊन रणरणते, वास उग्र, बुद्धी प्रखर. इंग्रजीतील विशेषण अनेक नामांवरून सहज फिरते. मराठीतील विशेषण नामाच्या प्रकृतीने ठरते. संस्कृतोद्भव 'तीव्र' हे मात्र कोणत्याही नामाजवळ बसते, म्हणूनच पारिभाषिक लेखनात त्यावर सारा भार पडला. त्याचे सर्वांत काटेकोर उपयोजन संगीतात दिसते. तीव्र मध्यम म्हणजे मोठ्याने लावलेला मध्यम नव्हे. शुद्ध मध्यमाहून वर चढलेली ती निश्चित जागा आहे.

जबलपूरसारख्या हिंदीभाषी शहरातील मराठी वाचकाला आणखी एक भेद परिचित असतो. हिंदीत 'ज़ालिम' म्हणजे क्रूर, अत्याचारी. मराठीत मात्र 'जालीम उपाय' हा हमखास गुण देणारा, म्हणून हवासा. मूळ अरबी शब्दातील कठोरपणा मराठीने परिणामकारकतेकडे वळवला. सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे भार दोन भाषांत कसे निराळे पडतात, याचा हा नमुना आहे.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने यातून एक कार्यपद्धती निष्पन्न होते. भाषांतर तपासताना प्रतिशब्द 'बरोबर' आहे काय, एवढे पाहणे पुरेसे नाही. मूळ विशेषण उगमाविषयी बोलते, सोसणाऱ्याविषयी की काळाविषयी, हे प्रथम ठरवावे लागते. त्यानंतर मराठीत 'गंभीर', 'आकस्मिक', 'प्रखर', 'उग्र' यांपैकी कोणता शब्द ते परिमाण जपतो, याची निवड करता येते आणि 'तीव्र' या शब्दालाही त्याची स्वतःची जागा परत मिळते.