चतुराच्या शेपटीला दोरा

पावसाळा सरता सरता अंगणात चतुर भिरभिरू लागले की एखादं पोर हमखास त्याच्या शेपटीला दोरा बांधतं. (चतुराला या खेळाची हौस नसते, हे कोण सांगणार?) तीन वर्षांचं मूल मांजरीचं शेपूट ओढतं, त्यात दुष्टपणा शोधू नये. ओढलं की ती ओरडते, एवढीच त्याला गंमत. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असतं, ही समज साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येते. हात आवरणं त्याहून उशिरा. म्हणून तिथल्या तिथे हात धरा, ‘तिला दुखतं’ एवढंच म्हणा आणि तोच हात मानेपासून पाठीकडे, केसांच्या दिशेनं फिरवून दाखवा. धपाटा नको. मोठ्यानं लहानाला मारलेलं चालतं, हेच तो शिकवतो.

सात-आठ वर्षांचं मूल मात्र लपूनछपून, पुन्हा पुन्हा प्राण्याला छळत असेल तर ‘होईल शहाणं’ म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८७ साली प्राण्यांशी क्रूरपणा हे वर्तनविकाराच्या लक्षणांत धरलं. त्या मुलालाच घरी किंवा शाळेत कोणी मारतं का, हे आधी बघा. आणि बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.