करीमच्या अंगठ्या, लॉस एंजेलिसची मुलं

लॉस एंजेलिस : शहराच्या मध्यावर लेकर्स या बास्केटबॉल संघाचं घरचं मैदान आहे. बाहेरच्या चौकात या शहराने आपल्या खेळाडूंचे ब्राँझचे पुतळे उभे केले आहेत. त्यातला एक करीम अब्दुल-जब्बार यांचा, २०१२ साली बसवलेला. उजवा हात सरळ आभाळाकडे गेलेला, चेंडू बोटांच्या टोकाशी. हा त्यांचा प्रसिद्ध ‘स्कायहुक’. ७ फूट २ इंच उंचीचा हा माणूस बास्केटकडे खांदा करून डोक्यावरून चेंडू सोडायचा, आणि अडवणाऱ्याचा हात तिथवर क्वचितच पोहोचायचा. व्यावसायिक लीगमधल्या २० हंगामांत त्यांनी ३८,३८७ गुण केले. १९८४ साली त्यांच्या नावावर लागलेला सर्वाधिक गुणांचा विक्रम २०२३ साली लेब्रॉन जेम्सने मोडेपर्यंत टिकला. सहा अजिंक्यपदं आणि सहा वेळा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू हा मान, एवढी त्यांची कमाई.

या कमाईच्या खुणा त्यांनी मार्च २०१९ मध्ये लिलावात विकून टाकल्या. गोल्डिन या लिलाव कंपनीमार्फत २३४ वस्तू विक्रीला निघाल्या. त्यात अजिंक्यपदाच्या चार अंगठ्या होत्या, करंडक होते, अंगावरून उतरवलेल्या जर्सी होत्या, सह्या केलेले चेंडू होते. एकूण सुमारे ३० लाख डॉलर जमले, म्हणजे त्या वेळच्या दराने वीस कोटी रुपयांच्या घरात. १९८७ सालची अंगठी एकटीच जवळजवळ चार लाख डॉलरला गेली. या रकमेचा मोठा वाटा त्यांच्या स्कायहुक फाउंडेशनकडे जाणार, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

अंगठीचं महत्त्व आपल्या वाचकांना सांगायला हवं. इथे अजिंक्यपद जिंकलं की करंडक संघाकडे राहतो आणि खेळाडूच्या बोटात अंगठी येते. संघाचा मालक ती घडवून घेतो. तिच्यात हिरे असतात, संघाचं चिन्ह असतं आणि खेळाडूचं नाव कोरलेलं असतं. पुढच्या मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्याआधी भरल्या प्रेक्षागृहात एकेकाला बोलावून ती दिली जाते. एखाद्याची कारकीर्द किती मोठी, हे इथला सामान्य प्रेक्षक त्याच्या अंगठ्या मोजून ठरवतो. म्हणून करीम यांनी चार अंगठ्या विकायला काढल्या तेव्हा लोकांच्या भुवया उंचावल्या. पैशाची अडचण असेल का, अशी कुजबुजही झाली, कारण अडचणीपायी पदकं आणि अंगठ्या विकाव्या लागलेले खेळाडू या देशाने बरेच पाहिले आहेत.

करीम यांनी आपली भूमिका तेव्हाच लिहून मांडली होती. एका खोलीत करंडक सांभाळायचे की मुलांना आयुष्य घडवायची संधी द्यायची, यात त्यांना निवड कठीण वाटली नाही. हे बोलणं त्यांच्या आयुष्याशी जुळतं. जानेवारी १९८३ मध्ये त्यांच्या बेल एअरमधल्या घराला आग लागली आणि जॅझच्या हजारो तबकड्यांचा संग्रह जळाला. वडील पोलिसात नोकरी करणारे आणि जॅझ वाजवणारे, त्यामुळे हा संग्रह म्हणजे जीव की प्राण. बातमी पसरली तशा ठिकठिकाणच्या चाहत्यांनी आपल्याकडच्या तबकड्या त्यांना आणून दिल्या. वस्तू जातात आणि माणसं उभी राहतात, हे त्यांनी त्या वर्षी पाहिलं होतं.

मुलांसाठी काम करायची ओढ तर त्याहून जुनी. १९६८ साली मेक्सिको ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या संघात त्यांची जागा पक्की मानली जात होती. कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा निषेध म्हणून ते गेले नाहीत. तो उन्हाळा त्यांनी न्यूयॉर्कच्या वस्त्यांतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवण्यात आणि शाळा सोडू नका म्हणून सांगण्यात घालवला. तेव्हा ते २१ वर्षांचे होते आणि ल्यू अल्सिंडर या जन्मनावाने ओळखले जात. पुढे त्यांनी कृष्णवर्णीय संशोधकांवर मुलांसाठी पुस्तक लिहिलं. गरीब वस्तीतल्या मुलाला मोठं होण्याचे दोनच रस्ते दिसतात, खेळ किंवा गाणं-बजावणं. प्रयोगशाळेचा रस्ता त्याला कोणी दाखवतच नाही, ही त्यांची तळमळ आहे.

फाउंडेशनचं ‘कॅम्प स्कायहुक’ हे शिबिर याच तळमळीतून आलं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगररांगांत अँजेलेस राष्ट्रीय वन आहे. शहरातल्या सरकारी शाळांची चौथी-पाचवीच्या वयाची मुलं तिथे काही दिवस मुक्कामाला येतात. ओढ्याचं पाणी तपासायचं, माती आणि दगड ओळखायचे, प्राण्यांचे माग काढायचे, रात्री आकाश पाहायचं, असं विज्ञान हाताने करून शिकायचं. पालकांना एक पैसा पडत नाही. या शहरात अशी असंख्य मुलं आहेत की ज्यांना खिडकीतून डोंगर दिसतो, पण त्या डोंगरावर नेणारं घरात कोणी नसतं. आई-बाप दोन-दोन नोकऱ्या करतात आणि गाडी असली तर ती कामावर गेलेली असते.

अशा शिबिराला कोणाच्या अंगठ्या का लागाव्यात? या प्रश्नापाशी हा देश नीट कळतो. अमेरिकेत शाळा ही मुळात गावाची जबाबदारी. बऱ्याच राज्यांत तिचा खर्च स्थानिक घरपट्टीतून मोठ्या प्रमाणावर निघतो. घरं महाग तर शाळा श्रीमंत. कॅलिफोर्नियाने १९७८ साली जनमत घेऊन घरपट्टीवर मर्यादा घातली, तेव्हापासून इथल्या शाळा राज्य सरकारच्या तिजोरीवर जास्त अवलंबून आहेत. पैसा कमी पडला की कला, संगीत, सहली यांना आधी कात्री लागते. सधन भागातले पालक वर्गणी काढून हे सगळं पुन्हा सुरू करतात. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांत बहुसंख्य मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली आहेत. त्यांच्या पालकांनी कुठून वर्गणी काढायची?

ही पोकळी अमेरिकन समाज देणगीने भरतो. या देशात वर्षाला ५०० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दान होते आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा व्यक्तींचा असतो. कायदा याला खतपाणी घालतो. करकायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली नोंदलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळू शकते. त्या बदल्यात बहुतेक संस्थांना दरवर्षी सरकारकडे फॉर्म ९९० भरावा लागतो. किती पैसा आला, कशावर गेला, वरच्या अधिकाऱ्यांना पगार किती, हे त्यात असतं आणि तो कोणालाही वाचता येतो. दानाचा हिशेब मागणं इथे असभ्य मानत नाहीत. ही सवय मला या देशातली फार मोलाची वाटते.

लिलावाच्या धंद्यातही अशीच चोख तपासणी चालते. खेळाडूच्या जर्सीची किंमत, ती त्याने खरोखर अंगात घातली होती का, यावर ठरते. तज्ज्ञ जर्सी टेबलावर पसरतात आणि त्या सामन्याचे जुने फोटो मोठे करून शेजारी ठेवतात. आकड्याच्या कडेची शिवण कुठे तिरकी गेली आहे, जाळीदार कापडाच्या कोणत्या छिद्रावर अक्षराचं टोक येतं, कुठे रफू आहे, हे एकेक ताडून पाहतात. खूण जुळली तर तसं पत्र मिळतं आणि किंमत कित्येक पटींनी चढते. वस्तू खुद्द खेळाडूच्याच घरातून आली असेल तर शंकेला फारशी जागा उरत नाही. म्हणूनच खेळाडूने स्वतः, हयातीत केलेल्या विक्रीला चांगला भाव येतो. वारसांच्या हाती गेल्यावर कोणती वस्तू कोणत्या सामन्यातली, हे सांगणाराच उरलेला नसतो.

करीम यांचं उदाहरण एकटं नाही. १३ हंगामांत ११ अजिंक्यपदं जिंकणारे बॉस्टनचे बिल रसेल यांनी डिसेंबर २०२१ मध्ये आपला संग्रह विकला. १९५७ सालची त्यांची पहिली अंगठी सात लाख डॉलरच्या वर गेली. मिळकतीचा काही भाग ‘मेंटॉर’ या संस्थेला होता. मुलांना वडीलधाऱ्या मार्गदर्शकाशी जोडून देणाऱ्या या संस्थेच्या उभारणीत रसेल यांचा हात होता. पुढच्याच जुलैत ते गेले. त्याआधी, डिसेंबर २०१० मध्ये, जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली तयार केलेल्या बास्केटबॉलच्या मूळ १३ नियमांचे दोन टंकलिखित कागद न्यूयॉर्कमध्ये ४३ लाख डॉलरला विकले गेले. तो पैसाही नेस्मिथ यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मादाय कामाला मिळाला आणि विकत घेणाऱ्याने ते कागद कॅन्सस विद्यापीठाला देऊन टाकले. तिथे ते आज सगळ्यांना पाहता येतात.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. शिबिरात जागा मोजक्या आणि मुलं लाखो. ज्या शहराला करीम लाभले तिथल्या मुलांचं भलं होतं. ज्या गावात कोणी करीम नाही तिथल्या मुलांनी काय करायचं? मुलाला जंगल दाखवणं हे शाळेचं काम आहे आणि ते कराच्या पैशातून व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते होत नाही तोवर थांबणाऱ्यांपेक्षा, हातात आहे ते देऊन मोकळा होणारा माणूस मला मोठा वाटतो.

हे लिहिताना कराडजवळचं गोळेश्वर आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत जिंकलेलं कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावात खाशाबांच्या नावाने कुस्ती अकादमी उभी करण्याचं सरकारने कबूल केलं होतं. ती होत नाही म्हणून २०१७ साली कुटुंबाने हे पदक लिलावात काढून पैसा उभारायची तयारी जाहीर केली. करीम यांनी आपल्या मर्जीने अंगठ्या दिल्या. गोळेश्वरला मात्र आश्वासन पाळलं गेलं नाही म्हणून पदकाला हात घालायची वेळ आली. पहिल्यात औदार्य आहे; दुसऱ्यात समाज म्हणून आपली नामुष्की आहे.

महाराष्ट्रात कुस्ती, कबड्डी, खो-खो, हॉकी, क्रिकेट खेळलेल्या कितीतरी जुन्या माणसांच्या घरी पदकं, गदा, ब्लेझर आणि फोटो पडून आहेत. त्यांची नोंद त्यांच्या हयातीतच करून घ्या. काय ठेवायचं, संग्रहालयाला काय द्यायचं आणि विकायचं ते कोणत्या कामासाठी, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि अशा कामाला पैसे दिलेत तर पै-पैचा हिशेब मागायला लाजू नका.